ज्वेलरला मराठीत काय म्हणायचं? सोनार, सराफ की जवाहिऱ्या?

भाची दागिने घडवायचं काम शिकून आता त्यातच नोकरी करते. तिच्यासाठी मराठीत ओळख लिहायला बसलो आणि अडलो. सोनार लिहिलं की लोक आधी जात समजतात, सोनारीण म्हटलं तर सोनाराची बायको, सराफ पटत नाही. काय लिहू?

— सराफ नकोच. मूळ अरबी सर्राफ, म्हणजे नाणी पारखून बदलून देणारा. तो सोन्याची देवघेव करतो, घडवत नाही. जवाहिऱ्या रत्नांचा व्यापारी. घडवतो तो सोनार, सुवर्णकारचा सोनार झाला. काउंटरवर बसणारा आणि आत पाठ मोडेस्तोवर वाकणारा, दोघांनाही ज्वेलर म्हणून मोकळं होतो आपण, तिथेच घोळ आहे.

— हेच काम करतो म्हणून लिहितो. साखळीची तुटलेली कडी जोडायची तर आधी टाकणखार (बोरॅक्स) लावायचा, मग झाळेचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, बारीक तुकडा ठेवायचा, झाळ मूळ सोन्याआधी वितळायला हवी, नाहीतर कडीच पाणी होते. ज्योत एका जागी धरायची नाही, फिरवत राहायची, आणि झाळ चकाकून सांध्यात शिरली की लगेच बाजूला. तो क्षण ओळखायलाच मला दोन वर्षं लागली, डोळे आणि मान त्यात गेली ती वेगळीच. याला 'झाळणं' म्हणतात, 'वेल्डिंग' म्हणू नका प्लीज.

— एक सुंदर शब्द राहिला, झारेकरी. कानशीने घासताना पडलेला सोन्याचा कीस केरात जातो, तो केर आणि राख धुऊन सोनं काढणारा माणूस. म्हणून सोनाराच्या दुकानातला केर कधी फुकट टाकत नाहीत.

— जाता जाता, कॅरेटचाही घोळ आहे. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, २४ पैकी किती भाग, २२ म्हणजे साधारण ९१.६ टक्के. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम. गिऱ्हाईक दोन्ही एकच समजून भांडतं आणि समजावत बसायचं तेही याच नोकरीत येतं.

— सगळ्यांना थँक्स! भाचीला विचारलं तर म्हणाली नाव कशाला हवंय, 'सोनारकाम करते' लिही. तेच लिहिलं. झारेकरी मात्र तिलाही माहीत नव्हता, आता रोज केर भरताना मला मेसेज टाकते.