मदत हवी आहे: आई-बाबांना रायगडावर महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला न्यायचे आहे

प्रश्न (पुणेकर_प्रवासी): डिसेंबरात पुण्याहून हरिहरेश्वरला जाताना वाटेत रायगड करायचा आहे. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा 72, सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालतात. रोपवेने वर पोचल्यावर समाधीपर्यंत किती चालावे लागते? त्याच संध्याकाळी हरिहरेश्वर गाठता येईल का?

गडवाट: रोपवेच घ्या. चित दरवाजाकडून पायऱ्या दीड हजाराच्या घरात आहेत आणि त्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. चढताना दम लागतो, पण गुडघ्याचे हाल होतात ते उतरताना.

रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीला आहे. पाळणा चार-पाच मिनिटांत वर नेतो, पण तिथून मेणा दरवाजापर्यंत दगडी पायऱ्या चढाव्याच लागतात. बरेच जण इथे चकतात, रोपवे म्हणजे पायऱ्याच नाहीत असे धरून चालतात. आईंना रबरी टोपणाची काठी द्या. गुळगुळीत दगडावर नुसते लाकूड घसरते.

पुढे राणीवसा, राजसदर, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर आणि मंदिराच्या पूर्व दरवाजाबाहेर समाधी. एका बाजूने किलोमीटरभर धरा. खरी मेख अशी की बाजारपेठेपासून जगदीश्वराकडे उतार आहे, म्हणजे थकल्यावर परतीला चढ लागतो. आईंना झेपेल का, हे होळीच्या माळावरच ठरवा. नाही झेपले तर त्या महाराजांच्या पुतळ्यापाशी बसतील, बाबा पुढे जाऊन येतील. राजसदर तोवर पाहून झालेली असते, त्यामुळे येणे वाया जात नाही.

कोकणवाट: वरच्यात भर. शनिवार-रविवार टाळा. डिसेंबरात शाळांच्या सहलीही असतात, म्हणून मधल्या वारीसुद्धा रोपवेच्या पहिल्या फेऱ्यांतच वर जा. दुपारी उशिरा परतीच्या रांगेत ताटकळावे लागते. वारा वाढला तर रोपवे थांबवतात, आणि तुमची मंडळी वर असतील तर पायऱ्यांशिवाय वाट उरत नाही. निघायच्या आदल्या दिवशी रोपवे चालू असल्याची फोनवर खात्री करा. वरून उतरायला दुपारी दोनच्या पुढे थांबू नका.

समाधीपाशी आणि मंदिरात चपला काढाव्या लागतात. ऊन चढले की फरसबंदी चटका देते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा. मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’ कोरलेले आहे. रायगड बांधणाऱ्या माणसाने आपले नाव पायरीच्या दगडावर ठेवले, ते बाबांना आवर्जून दाखवा.

टकमक टोक मात्र या खेपेला सोडा. वाट अरुंद, वारा जोराचा आणि ते समाधीच्या वाटेवर नाही.

पुणेकर_प्रवासी: बाबांना मधुमेह आहे. वर खायला काय मिळते? आणि वेळेचे गणित?

गडवाट: ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते, पण त्यावर विसंबू नका. रांग किती लांबेल ते सांगता येत नाही, म्हणून खाणे आणि गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, गाडीत नको. माणशी एक लिटर पाणी, आणि रिकाम्या बाटल्या परत खाली आणा.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे चार तास धरा. पहाटे पाचला निघालात तर नऊपर्यंत हिरकणीवाडी. गडावर तीन तास पुरतात, पण घाई करू नका. ज्येष्ठांसोबत चार ठेवा. रायगडाहून माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर अडीच-तीन तास. दोनला खाली आलात तर संध्याकाळी पोचाल.

कोकणवाट: एकच विनंती, गडाच्या पायथ्याच्या पाचाड गावात पंधरा मिनिटे काढा. जिजाऊंची समाधी तिथे आहे आणि गाडी जवळपर्यंत जाते. आईंना गडावर होळीच्या माळापुढे जाता आले नाही, तरी हे दर्शन नक्की होईल.

पुणेकर_प्रवासी: मंगळवार ठरवतो. काठी आजच आणतो.