मोबाईलमधली स्पर्धा फक्त दुकानाच्या काचेपुरती उरली आहे का?

नवीपेठकर:
सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाईलचं दुकान आहे, २०११ पासून. गिऱ्हाईक आत आल्या आल्या काय विचारतं, त्यावरून मला बाजार कळतो. सुरुवातीला विचारायचे, "डबल सिम आहे का? कार्ड किती जीबीचं चालतं?" तेव्हा काचेत मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, इंटेक्स ही आपली देशी नावं होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि प्रश्न बदलला, "फोर-जी हाय का?" थ्री-जीचे फोन दुकानात पडून राहिले. त्यानंतर दोनेक वर्षं कॉलेजची पोरं एकच विचारायची, "पबजी चालतंय का, हँग होत नाही ना?" त्या एका गेमसाठी मी रॅम आणि प्रोसेसरची नावं पाठ केली.

मग २ सप्टेंबर २०२० ला ११८ ॲपवर बंदी आली, त्यात तो गेमही गेला. दाजी पेठेतल्या एका पोरानं महिनाभर आधीच हप्त्यावर फोन नेला होता. तो येऊन विचारायला लागला, "काका, परत घेता का?" काय सांगणार? तोच गेम जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावानं आला, वर्षानं पुन्हा स्टोअरवरून निघाला, मे २०२३ मध्ये परत आला. पोराचा हप्ता मात्र एक महिना चुकला नाही.

आता काचेत दहा नावं दिसतात. पण पोको आणि रेडमी शाओमीचे, आयक्यू विवोचा, रिअलमी मुळात ओप्पोतून निघालेला. एका आयफोनचं सोडलं तर कुठलाही डबा उघडा, आत तेच अँड्रॉइड, तेच प्ले स्टोअर. माझं स्पष्ट मत आहे की डब्यांची स्पर्धा उरली, आतल्या मालाची संपली. तुम्हाला काय वाटतं?

एमआयडीसीवाला:
काका, मला हे अजिबात पटत नाही. माझे वडील अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होते. २०१४ च्या मे महिन्यात मोटो ई ६,९९९ रुपयांना निघाला, तोही फक्त ऑनलाइन. तो माझा पहिला नीट चालणारा फोन. त्याआधी त्या पैशात मिळायचा तो फोन दोन ॲप उघडली की गपगार. त्याच जुलैत शाओमीचा एमआय ३ आला १३,९९९ ला, आणि तेव्हापासून सगळ्यांनाच किमती खाली आणाव्या लागल्या. दुकानदाराला त्रास झाला, मान्य. पण कामगाराच्या घरात चांगला फोन आला तो त्या भांडणामुळेच. आणि नावं चार घरांतली असली म्हणून काय झालं? रेडमी आणि विवो आजही एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत.

गेमचंही तसंच. व्हिडिओ पार्लरमध्ये तासाला पैसे मोजून खेळायचो आम्ही. आज पोरगं घरबसल्या फुकट खेळतं.

कुंभारीची ताई:
"फुकट" या शब्दावर मला बोलायचंय, दादा. माझी आई अजून बिड्या वळते. माझ्या भावानं गेममधल्या एका ड्रेससाठी तिच्या खात्यातून यूपीआयनं पैसे भरले. तिची आठवड्याची मजुरी होती ती. बंदूक तीच, गोळी तीच, फक्त रंग वेगळा! पार्लरवाला निदान समोर बसलेला असायचा, पैसे संपले की "ऊठ" म्हणायचा. इथं कोण म्हणणार? गेम फुकट देऊन आतला बाजार मांडायचा, हाच तर त्यांचा धंदा आहे. माझ्या मते स्पर्धा वाढली ती पोरांचा वेळ खाण्याची.

सोलापूर-पुणे इंटरसिटी:
मी पुण्यात लहान गेम बनवतो, घर विजापूर रोडला. नवीपेठकर काकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं, पण थोडं चुकीच्या बोटानं. खेळ बनवणाऱ्यांत स्पर्धा मरणाची आहे. लुडो किंग नवी मुंबईत बनला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला, म्हणजे आपल्याकडूनही मोठा गेम निघू शकतो. अडचण आहे ती दारावर. प्ले स्टोअरमधून गेममधली वस्तू विकली की वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के कट, हा नियम मी कित्येक वर्षं पाहत आलोय. माझ्यासारखा १५ मध्येच बसतो, तरी तेवढ्यात एका पोराचा पगार निघतो.

स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲपमधले पैसे प्ले स्टोअरच्याच बिलिंगमधून घ्यायच्या सक्तीच्या प्रकरणात गूगलला ९३६ कोटींचा दंड केला होता. मला वाटलं, आता दार उघडणार.

एमआयडीसीवाला:
तो दंड अपिलात सुमारे २१६ कोटींवर आला, मार्च २०२५ मध्ये. तेही सांगा. आणि स्टोअर चालवायला, व्हायरस तपासायला खर्च येत नाही का? मंगळवार पेठेत गाळा घेतला तर भाडं देताच ना.

सोलापूर-पुणे इंटरसिटी:
देतो. पण मंगळवार पेठ महाग झाली तर मी कन्ना चौकात जातो. इथं दुसरी पेठ कुठंय? फोनपेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर काढलं, तिथं मी टाकलाय गेम. पण लोकांचं बोट सवयीनं जुन्याच चिन्हावर जातं.

जोडभावी:
सगळे गेमच्या पोरांबद्दल बोलताय, पैशाच्या गेमचं कोणी बोलत नाही. आमच्या कारखान्यातला एक माग चालवणारा रमीत सायकलपासून बायकोच्या डोरल्यापर्यंत घालवून बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्याची बायको देवळात नारळ फोडून आली. बंदीनं स्पर्धा मरते म्हणणाऱ्यांनी एकदा तिला भेटावं.

कुंभारीची ताई:
अगदी मनातलं बोललात, दादा.

सोलापूर-पुणे इंटरसिटी:
त्या कायद्याला माझाही विरोध नाही. पण परदेशातून चालणारे पत्त्याचे ॲप लिंकवरून अजून येतात, तिकडं लक्ष हवं.

नवीपेठकर:
एमआयडीसीवाले, किमतीबाबत तुमचं खरं आहे. मी माझ्या काउंटरवरून बघत होतो, तुम्ही तुमच्या वडिलांच्या पगारातून. आतल्या मालाची स्पर्धा संपली, हे वाक्य मागे घेतो. पण एक सांगा, मोटो ईची बॅटरी गेली तेव्हा तुम्ही कुठं गेलात?

एमआयडीसीवाला:
नवी पेठेतच आलो. त्याचं मागचं झाकण निघायचं, पण बॅटरी आत बसवलेली. कारागिरानं अर्ध्या तासात बदलून दिली. आताच्या फोनला सगळं चिकटवलेलं. परवा स्क्रीन बदलायची म्हटलं तर फोनच्या अर्ध्या किमतीचा आकडा सांगितला.

नवीपेठकर:
तेच. विकताना दहा कंपन्या भांडतात, दुरुस्तीला आलं की अस्सल पार्ट एकाच ठिकाणी, त्यांच्या भावात. तिथं भांडण व्हायला पाहिजे.

आणि इंटरसिटीवाले, तुमचा गेम सुट्टीला येताना घेऊन या. काउंटरवर दोन डेमो फोन असतात, त्यात त्या दुसऱ्या स्टोअरवरून टाकून ठेवतो. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पेठेत पाय ठेवायला जागा नसते. पोरं खेळून बघतील, आवडला तर कुठून घ्यायचा ते मी सांगेन.

सोलापूर-पुणे इंटरसिटी:
जानेवारीत नक्की येतो, काका. त्यात आईच्या खात्यातून पैसे कापणारं बटण नाही, ताईंनाही दाखवा.

कुंभारीची ताई:
भावालाच घेऊन येते.