संत्रा: एका अंगाला ओल, दुसऱ्या अंगाला भेगा, पानं वळतात. पाणी वाढवू का?

धुऱ्यावरून
संत्र्याची झाडं ८ वर्षांची, जमीन काळी भारी, अंतर ६ × ६ मीटर. ठिबकची एकच नळी, ओळीच्या पश्चिमेला. झाडाला तासाला ४ लिटर देणारे २ ड्रिपर. त्या अंगाला माती दाबली की गोळा होते, पूर्वेला भेगेत बोटं जातात. अंबिया बहाराची फळं लिंबाएवढी. ११ वाजले की पानं वळतात, दिवस कलला की सरळ होतात. निम्मी मुळं ओलीत असताना हे कशामुळे? ठिबकची वेळ वाढवली तर जमेल?

पर्णरंध्र
भाऊ, त्याच नळीची वेळ वाढवू नका. कोरड्या मातीतल्या मुळांत ॲबसिसिक आम्ल, म्हणजे ताणाचा इशारा देणारं संप्रेरक, वाढतं आणि रसाबरोबर पानात चढतं. मग पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागे पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. त्यामुळे ओल्या अंगाने पुरवठा चालू असतानाच झाड हात आखडतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि पान तापतं. फळ पोसायच्या दिवसांत हा सौदा महागात जातो.

शिवाय मे महिन्याची कोरडी हवा. मुळाशी भरपूर ओल असली तरी संत्रा दुपारी रंध्रं आखडतोच. म्हणून दुपारच्या पानावर निदान करू नका, पहाटे ६ वाजता बघा. तेव्हाही पान वळलेलंच असेल तर ताण खरा.

पश्चिमेला जास्त पाणी सोडलं तर भारी मातीतली हवा निघून जाते, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि ओलीत उभं झाड सुकल्यागत दिसतं. पुढे मूळकूज, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आहेतच.

उलटतपासणी
पण ऑस्ट्रेलियात द्राक्षाला मुद्दाम एकाच बाजूने पाणी देतात ना? मग हे आयतंच जमलं की.

पर्णरंध्र
ते बाजू बदलत राहतात, साधारण १०-१५ दिवसांनी. एकच बाजू कोरडी ठेवली तर तिकडून रस चढणं जवळपास थांबतं, आम्लही पानापर्यंत पोचत नाही आणि रंध्रं पुन्हा उघडू लागतात. तोवर त्या अंगाची बारीक मुळं मेलेली असतात. रात्री ओल्या मुळांतून थोडं पाणी कोरड्या मुळांकडे सरकतं, पण ते त्यांना तगवण्यापुरतं. झाडावर फळ असताना हा प्रयोग नकोच.

ठिबकवाला
आता हिशोब. झाडाचा घेर ४ मीटर व्यासाचा धरला तर क्षेत्र सुमारे १२.५ चौरस मीटर. दिवसाचं बाष्पीभवन १२ मि.मी. धरा: १२ × ०.७ (बाष्पपात्राचा गुणांक) × ०.७ (पिकाचा गुणांक) × १२.५, म्हणजे जवळपास ७४ लिटर. तुमचे २ ड्रिपर तासाला ८ लिटर देतात, म्हणजे ९ तासांच्या वर. विजेच्या पाळीत ते बसत नाही. पूर्वेला दुसरी नळी टाका आणि झाडाला ८ लिटरचे ४ ड्रिपर करा, दोन्हीकडे दोन-दोन. सव्वादोन-अडीच तासांत काम होतं.

मोजून घ्या: ८ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत ४०० मि.ली. द्यायला हवा. नळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही तपासा. शेवटचा बराच कमी भरला तर आधी फिल्टर धुवा, नळीचं टोक उघडून गाळ काढा. आपल्याकडच्या चुनखडीच्या पाण्यात ड्रिपरला पांढरा थर धरतो, तो आम्ल दिल्याशिवाय निघत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

पूर्वेला पहिल्याच दिवशी पूर्ण पाणी सोडू नका. ते भेगेतून सरळ खाली जातं, वरची माती कोरडीच राहते. आधी हलकी डवरणी करून भेगा बुजवा, मग आठवडाभरात तिथलं पाणी थोडं थोडं वाढवा. कोरडं झाड एकदम भिजवलं की फळगळ होते. वरून सोयाबीनचं कुटार ७-१० सें.मी. पसरा, खोडापासून फूटभर सोडून.

धुऱ्यावरून
नवी नळी खोडापासून किती अंतरावर? आणि ओल कुठं तपासायची?

ठिबकवाला
नळी साधारण १ मीटरवर. ओल दोन्ही अंगांना, ड्रिपरपासून वीतभर बाजूला, गिरमिटाने ३० आणि ६० सें.मी. खोलीवर बघा. ३० ला माती भुरभुरीत आणि ६० ला चिखल निघाला तर एका वेळचं पाणी कमी करून पाळ्या वाढवा.