मदत हवी आहे: ८ दिवस रानात, सगळं पाठीवर. सोलर पॅनल घेऊ की नुसत्या पॉवर बँका?

उंडगा:

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे आधीच सांगतो, पण माहिती अर्धवट दिली की पहिले सगळे प्रतिसाद उलटे प्रश्न विचारण्यातच जातात म्हणून एकदाच सगळं टाकतोय.

पानगळीच्या शेवटी शेवटी ८ दिवसांची शिकारीची ट्रिप ठरतेय, आम्ही दोघं. रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि पुढे पायी, तंबू-शिधा सगळं पाठीवर. परवाना, सीझन, मर्यादा सगळं कायद्यात बसणारं आहे, त्यामुळे शिकार करावी की करू नये हा वाद कृपया इथे नको, त्याला वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडेन. कॅम्प दर दोन-तीन दिवसांनी हलणार. मोबाईलला रेंज शून्य. रात्री पारा शून्याच्या खाली जाणार हे धरून चाला.

बरोबर काय काय आहे ते सांगतो. प्रत्येकाचा फोन, त्यात ऑफलाइन नकाशे आणि जीपीएस, म्हणजे फोन गेला तर वाट पण गेली. यूएसबीवर चार्ज होणारे हेडलॅम्प, पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री अंधारात परतायचं म्हणजे ते भरपूर चालणार. दोघांत मिळून एक सॅटेलाइट मेसेंजर, रोज संध्याकाळी घरी 'ठीक आहोत' एवढं कळवायला आणि काही वाईट झालं तर एसओएसला. माझं जीपीएस घड्याळ. मित्राचा मिररलेस कॅमेरा. रेंजफाइंडर (लांबचं अंतर मोजायचं यंत्र) आहे पण त्याचा वेगळा सेल असतो तो वर्षभर जातो, त्याचं टेन्शन नाही.

आता प्रश्न असा की मी घडी घालायचं २१ वॉटचं पॅनल बघून ठेवलंय, चालताना सॅकवर लटकवायचं आणि दिवसभर चार्ज होत राहील असं डोक्यात आहे. मित्र म्हणतो पॅनल भंकस आहे, दोन मोठ्या पॉवर बँका घे आणि विषय संपव. तिसरा एक जण (जो येत पण नाहीये) म्हणतो ज्या पॉवर बँकेच्या पाठीवरच सोलर असतं ती घ्या, दोन्ही कामं एकात. वजन हा खरा मुद्दा आहे कारण शिकार मिळाली तर परतताना मांसाचं ओझं वेगळं. कुणी असं खरोखर वापरलं असेल तर सांगा, जाहिरातीतलं नको.

सोल्डरिंग:

पहिलं काम, एमएएच (बॅटरीवर छापलेला क्षमतेचा आकडा) विसरा आणि वॉट-अवरमध्ये, म्हणजे वॉट गुणिले तास अशा खऱ्या ऊर्जेत हिशोब करा. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे ३७ वॉट-अवर. ते ५ व्होल्ट करून बाहेर देताना थोडं उष्णतेत जातं, त्यामुळे हातात ३० च्या आसपास पडतात. म्हणून '१०,००० च्या बँकेत ५,००० चा फोन दोनदा भरेल' हे कधीच होत नाही, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

तुमचा माणशी खर्च काढू. फोनची बॅटरी साधारण १५ ते १९ वॉट-अवरची असते, एअरप्लेन मोडवर ठेवून नकाशा आणि थोडे फोटो एवढंच केलंत तर दिवसाला अर्धी जाते, म्हणजे ८ धरा. हेडलॅम्प दिवसाला २. घड्याळ आणि मेसेंजर मिळून १ ते २. कॅमेरा असेल तर ३-४ अजून. एकूण दिवसाला १५ धरा, जरा हात सैल सोडूनच. ८ दिवसांचे १२०. त्यातून घरून सगळं फुल भरून निघाल्याचे ३०-३५ वजा. उरले ८५-९०.

म्हणजे ३०,००० एमएएच. वजन साधारण साडेपाचशे-सहाशे ग्रॅम. ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्याला २०,००० पण पुरावी.

आता पॅनल. २१ वॉटचं पॅनल साडेचारशे-पाचशे ग्रॅम, आणि त्याच्याबरोबर एक तरी छोटी बँक लागणारच, ती १८०-२०० ग्रॅम. झाले सातशे. म्हणजे माणशी बघितलं तर ८ दिवसांसाठी पॅनल घेऊन तुम्ही जास्त वजन उचलताय, आणि ढग आले तर हातात काहीच नाही. दोघांत एक पॅनल आणि प्रत्येकी एक छोटी बँक केली तर वजनात तुम्ही जिंकता, हे मान्य, पण मग सगळा खेळ उन्हावर.

डोंगरकडा:

सोल्डरिंग यांचा हिशोब बरोबर आहे, मी फक्त उन्हाबद्दल लिहितो कारण तिथेच सगळे फसतात.

पॅनलवरचे २१ वॉट हे प्रयोगशाळेतले, चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. रानात स्वच्छ उन्हात, पॅनल सूर्याकडे नीट तोंड करून ठेवलं, तर १२-१४ मिळाले की खूश व्हायचं. आणि हे मे महिन्यातल्या उन्हाचं सांगत नाहीये, तुम्ही जाताय तेव्हा सूर्य खाली असतो, दिवस लहान, त्यात दरीत असाल तर डोंगराआडून ऊन येणार उशिरा आणि जाणार लवकर. उत्तरेकडच्या उतारावर तर दिवस दिवस सावली.

सॅकवर लटकवायचं म्हणताय ना, ते विसरा. चालताना पॅनलचं तोंड कधी झाडाकडे कधी आभाळाकडे कधी मित्राकडे. शिवाय आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका सेलवर फांदीची सावली पडली तरी अख्ख्या माळेचा करंट घटतो, बागेच्या पाइपवर कुणी पाय ठेवावा तसं. झाडीतून चालताना मिळणारं चार्जिंग म्हणजे मनाचं समाधान. वर काटेरी झुडपात अडकून वायर तुटते ते वेगळंच.

पण एक गोष्ट शिकारीवाल्यांच्या फायद्याची आहे जी ट्रेकवाल्यांना मिळत नाही. हरीण वगैरे जनावर पहाटे आणि संध्याकाळी हिंडतं, भर दुपारी बसून रवंथ करतं. म्हणजे ११ ते ३ तुम्ही पण कुठेतरी दुर्बीण घेऊन बसलेले किंवा झोपलेले. सूर्य सगळ्यात वर तेव्हाच. त्या चार तासांत मोकळ्या जागी पॅनल पसरलं, तासाभराने उठून सूर्याकडे फिरवलं, तर ३५-४० वॉट-अवर कुठेही गेले नाहीत, म्हणजे दोघांची पूर्ण दिवसाची गरज. अट एकच, मोकळी जागा आणि ऊन. फक्त समोरच्या उतारावर जनावर शोधत असाल तर ते चमकणारं पॅनल आपल्या पाठीमागे ठेवा, पुढे नको.

रिकामटेकडा:

२५० वॉट-अवरचं पॉवर स्टेशन (हँडलवाली मोठी बॅटरी) घ्या ना, लाइट, फोन, ड्रोन सगळं चालतं, आम्ही नेतो कॅम्पिंगला. मस्त आहे एकदम.

सोल्डरिंग:

@रिकामटेकडा, ते साडेतीन किलोचं असतं हो. गाडीजवळ कॅम्प असेल तर माझं पण मत तेच, त्यातल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या हजारो वेळा चार्ज होतात, आणि मांस थंड ठेवायला १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज चालवायचा असेल तर दुसरा पर्यायच नाही. पण यांनी 'पाठीवर' लिहिलंय. फार तर एक छोटं गाडीत ठेवून द्या, परत आल्यावर फोन लावायला कामी येईल.

उंडगा:

वा, एवढं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. सॅकवर लटकवायचं कॅन्सल. पाठीवर सोलर असलेल्या पॉवर बँकेचं कुणी बोललं नाही? आणि थंडीचं काय, रात्री उणे ५-७ झालं तर बँक मरते का? शिवाय तिथपर्यंत आधी विमानाने जायचंय मग भाड्याची गाडी.

डोंगरकडा:

पाठीवर सोलरवाली बँक: तळहाताएवढं पॅनल, त्यातून एक-दीड वॉट. २०,००० ची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. ५० तास कडक ऊन लागेल, म्हणजे तुमची ट्रिप संपेल पण ती भरणार नाही. आणि भरायची म्हणून लिथियमची बॅटरी दिवसभर उन्हात तापवायची, हे तर उलटंच झालं. वेगळं पॅनल असेल तर बँक त्याच्याच मागे सावलीत ठेवता येते. तिसऱ्या मित्राला घरीच राहू द्या :)

अजून एक, पॅनल थेट फोनला जोडू नका. ढग आला की व्होल्टेज पडतं, फोन चार्जिंग सोडतो, ऊन आलं की परत धरतो, प्रत्येक वेळी स्क्रीन पेटते. काही पॅनलं तर एकदा ढग येऊन गेला की नंतर कितीही ऊन असलं तरी रडत रडत कमी करंटवरच चालतात, वायर काढून परत लावावी लागते. पॅनलमधून बँक, बँकेतून फोन, तेही रात्री, हा क्रम ठेवा.

हिमकण:

थंडीचं मी सांगते, आमचं बरचसं फिरणं बर्फातच असतं. लिथियम बॅटरी वापरणं आणि चार्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक इथेच गोंधळ करतात. वापरताना थंडी असेल तर बॅटरी मरत नाही, आतला रेझिस्टन्स वाढल्यामुळे कमी देते आणि फोन ३० टक्क्यांवर असताना एकदम बंद पडतो, खिशात गरम केला की परत जिवंत. पण शून्याच्या खाली असताना *चार्ज* केली तर आत लिथियमचा थर साचतो आणि ते नुकसान कायमचं. त्यामुळे पहाटे गारठलेली बँक उन्हात पॅनलला लावायची नाही, आधी अंगाशी ठेवून जरा ऊब येऊ द्यायची. रात्री बँक, फोन, मेसेंजर, कॅमेऱ्याचे सेल सगळं एका कापडी पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. मात्र झोपेत फोन चार्जिंगला लावून त्याच्यावर पांघरूण नको, चार्जिंग झोपायच्या आधी उरकून घ्या.

आणि मला या धाग्यात कुणी हेडलॅम्पबद्दल काही बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. यूएसबीवर चार्ज होणाऱ्या काही हेडलॅम्पमध्ये तीन ट्रिपल ए सेल पण घालता येतात, तसाच घ्या. त्यात लिथियमचे, चार्ज न होणारे १.५ व्होल्टचे सेल मिळतात ते टाका, साध्या अल्कलाइनपेक्षा हलके, आणि उणे ४० पर्यंत चालतात. वजनाच्या हिशोबात पॉवर बँकेपेक्षा त्यांच्यात ग्रॅममागे जास्त ऊर्जा असते. फक्त हेडलॅम्पच्या माहितीपत्रकात लिथियम सेल चालतात ना हे वाचून घ्या, नवा सेल १.५ पेक्षा जरा जास्त व्होल्टेज देतो आणि काही दिव्यांना ते सोसत नाही. म्हणजे सगळं यूएसबीवर एकाच टोपलीत राहत नाही, बँक बिघडली तरी रात्री उजेड आहे.

सोल्डरिंग:

+१ हिमकण. रेंजफाइंडरचा पण एक जादा सेल ठेवा, बहुतेक सीआर२ असतो, काही ग्रॅमचा तर आहे.

विमानाचं: पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इन सामानात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. ३०,००० ची एक म्हणजे १११ वॉट-अवर, अडकाल. म्हणून २०,००० + १०,००० अशा दोन घ्या. तसंही एकच मोठी घेण्यापेक्षा दोन बऱ्या, एक पाण्यात पडली तर दुसरी आहे. काही कंपन्यांचे नियम याहून कडक असतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा, आणि बँकेवर वॉट-अवर छापलेलं असू द्या, पुसलं गेलं असेल तर सिक्युरिटीवाले ठेवून घेतात.

उंडगा:

ओके मग असं ठरवतोय, बघा काही चुकतंय का. मी २०,००० ची एक, मित्र कॅमेऱ्यामुळे २०,००० अधिक १०,०००. पॅनल नाही. हेडलॅम्प ट्रिपल एवाले, लिथियम सेल जादा. मेसेंजर दर दहा मिनिटांनी ट्रॅकिंगवर ठेवणार होतो ते बंद, संध्याकाळी मेसेज पाठवण्यापुरता चालू. पण एसओएससाठी तो कायम अर्ध्याच्या वर राहिला पाहिजे, हा आमच्यातला नियम. फोनला काहीही झालं तरी कागदी नकाशा आणि होकायंत्र आहेच. पुढच्या वर्षी १५ दिवसांचा विचार आहे तेव्हा पॅनल घ्यावं लागेल बहुतेक?

डोंगरकडा:

१५ दिवस आणि एकाच जागी कॅम्प असेल तर हो, बिनधास्त. फिरता कॅम्प आणि दाट झाडी असेल तर तेव्हाही हिशोब परत करा, आणि मधे एकदा गाडीपाशी उतरणार असाल तर तिथेच बँका भरून घेणं सोपं पडेल.

हिमकण:

घड्याळ बँकेला लावलं की थोड्या वेळाने बँक आपोआप बंद होते असं दिसेल, घाबरू नका, घड्याळ इतका कमी करंट घेतं की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. बऱ्याच बँकांमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो, घेतानाच तो आहे का विचारा. आणि वायरी आखूड घ्या, प्रत्येक प्रकारची एक जादा. निघायच्या आधी एक शनिवार-रविवार घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाकून, नकाशा चालू ठेवून फिरा, म्हणजे तुमचा फोन दिवसाला खरंच ८ वॉट-अवर खातो की १४ ते कळेल. जुना फोन असेल तर आकडा वेगळा निघतो.

उंडगा:

फोन जुनाच आहे :( या शनिवारी करून बघतो आणि आकडा इथेच टाकतो.