कामासारखे भासणारे किचकट खेळ लोक हौसेने का खेळतात?

प्रश्न – नीलमोहोर
माझा धाकटा भाऊ दिवसभर कचेरीत आकडे आणि वेळापत्रके सांभाळतो आणि रात्री ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाना उभारण्याचा संगणकीय खेळ उघडून पुन्हा तेच करत बसतो. शेजारी बसून पाहिले, तरी मला सरकते पट्टे आणि यंत्रे यांपलीकडे काही दिसले नाही. यात एवढे गुंतण्यासारखे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – यंत्रवेडा
कचेरीत एखादे काम का अडले याचा पत्ता अनेकदा शेवटपर्यंत लागत नाही. इथे तो हमखास लागतो. या खेळात बनवाव्या लागणाऱ्या हिरव्या सर्किट या सुट्या भागाचेच पाहा. एका सर्किटला लोखंडाचा एक पत्रा आणि तांब्याच्या तीन तारा लागतात, आणि तांब्याच्या एका पत्र्यातून दोन तारा निघतात. हिशेब केला, की तारांची ३ यंत्रे सर्किटच्या २ यंत्रांना नेमकी पुरतात. हे जमेपर्यंत पट्ट्यावरचे तांबे आटते. साधा पिवळा पट्टा सेकंदाला १५ वस्तू वाहतो आणि तो पत्र्यांनी पूर्ण भरायला ४८ दगडी भट्ट्या लागतात. भट्ट्या वाढवल्या, की खाणी अपुऱ्या पडतात, खाणी वाढवल्या, की वीज कमी पडते, आणि प्रदूषण पसरले, की आसपासचे किडे कारखान्यावर चालून येतात. प्रत्येक अडचण आपल्याच मांडणीतून उगवलेली असते, त्यामुळे ती सोडवल्याशिवाय उठवत नाही.

प्रतिसाद – नगररचना
प्रमाण जुळण्याचा आनंद मला मान्य आहे, पण माझ्या मते खरी ओढ अनपेक्षित परिणामांची असते. २०१५ साली आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या शहर वसवण्याच्या खेळामध्ये एक मोठी वसाहत एकदम वसवली, तर तिथले रहिवासी साधारण एकाच वयाचे असतात, ते एकदमच म्हातारे होतात आणि काही वर्षांनी शहरात मृत्यूंची लाट येऊन शववाहिका रहदारीत अडकून पडतात. वसाहत टप्प्याटप्प्याने वाढवायला हवी होती, हे तेव्हा उमगते. एका घाईच्या निर्णयाचे फळ इतक्या उशिरा आणि इतक्या तर्कशुद्ध रीतीने समोर आणणारे दुसरे माध्यम मला ठाऊक नाही.

प्रतिसाद – यंत्रवेडा
मुद्दा पटला. नीलमोहोर, नुसते पाहून हे कळणार नाही. ‘फॅक्टोरिओ’चा मोफत डेमो मिळतो, तो भावाला न विचारता स्वतः खेळून पाहा.