दूरच्या सर्व्हरवर व्हीआयमध्ये बाणांच्या कळा दाबल्यास ए, बी, सी, डी ही अक्षरे उमटतात

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नमस्कार. येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका चादर कारखान्याच्या मालसाठ्याची नोंद मी ठेवतो. नोंदींची फाइल भाड्याच्या सर्व्हरवर आहे आणि कार्यालयातील विंडोज संगणकावरून पुट्टी या प्रोग्रॅमने एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित) जोडणी करून मी ती व्हीआय या मजकूर-संपादकात दुरुस्त करतो. नुकताच जुना सर्व्हर बदलून उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली असलेला नवा सर्व्हर घेतला, तेव्हापासून इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर लिहिण्याच्या अवस्थेत) वरचा बाण दाबला की नवी ओळ उघडून त्यात ए हे अक्षर येते, बॅकस्पेसने आधी लिहिलेला मजकूर पुसला जात नाही, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबले की सारा पडदा गोठतो. कीबोर्ड बदलून पाहिला. एका सल्ल्यावरून बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल या आदेश चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइलमध्ये, टर्मिनलचे (येथे पुट्टीच्या खिडकीचे) नाव सांगणाऱ्या टर्म या चलाची किंमत एक्सटर्म-256कलर अशी कायमची लिहून ठेवली, तरीही फरक पडला नाही. शेलमध्ये मात्र याच कळा व्यवस्थित चालतात. दोष नेमका कुठे शोधावा?

उत्तर 1 (होटगी रस्ता)

शेलमध्ये कळा चालतात ही आपण दिलेली सर्वांत उपयोगी माहिती आहे, कारण त्यावरून कीबोर्ड, पुट्टी आणि जोडणी या तिन्ही गोष्टी ठीक असल्याचे कळते. दोष संपादकात आहे. उबुंटूच्या मूळ मांडणीत व्हीआय या नावामागे बहुधा विम या व्हीआयच्या सुधारित रूपाची विम-टायनी ही लहान आवृत्ती असते आणि ती जुन्या व्हीआयशी सुसंगत अशा कंपॅटिबल अवस्थेत सुरू होते. बाणाची कळ म्हणजे एक अक्षर नव्हे. वरच्या बाणासाठी टर्मिनल एस्केप, ओ आणि ए अशी तीन अक्षरे पाठोपाठ पाठवते. कंपॅटिबल अवस्थेतील संपादक पहिले एस्केप येताच इन्सर्ट मोडमधून बाहेर पडतो, मग ओ हा वर नवी ओळ उघडण्याचा आदेश समजतो आणि उरलेले ए त्या ओळीत लिहितो. आपल्याला दिसते ते अगदी हेच आहे. बॅकस्पेसची तक्रारही त्याच अवस्थेची आहे: चालू इन्सर्टच्या आधीचा मजकूर तेथे पुसताच येत नाही.

शक्य असल्यास सर्व्हरवर विमचे पूर्ण पॅकेज बसवून घ्यावे. ते जमत नसेल तर आपल्या होम फोल्डरमधील विमआरसी या सेटिंग फाइलमध्ये सेट नोकंपॅटिबल ही ओळ लिहावी आणि तिच्याखाली बॅकस्पेस या पर्यायाला इंडेंट, ईओएल व स्टार्ट या तिन्ही किमती द्याव्यात.

उत्तर 2 (जुळे सोलापूर)

वरील निदानाशी मी सहमत आहे, परंतु बॅशआरसीतील टर्मची ओळ आजच काढून टाकावी असा माझा आग्रह आहे. टर्मिनलचे नाव एसएसएच स्वतःच जोडणीच्या वेळी सर्व्हरला कळवते. ते हाताने कायमचे ठरवून ठेवले तर उद्या आपण टीमक्स (एकाच जोडणीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) वापरू लागाल तेव्हा संपादकाला चुकीच्या टर्मिनलची माहिती मिळेल आणि नवाच गोंधळ सुरू होईल.

कंट्रोल-एसचा प्रश्न वेगळा आहे. ही कळ टर्मिनलला प्रवाह थांबवण्याचा संकेत देते आणि कंट्रोल-क्यू दाबल्यावर तो पुन्हा वाहू लागतो. पडदा गोठला म्हणून जोडणी तोडू नये, लिहिलेले काम हकनाक जाईल. ही सोय नको असल्यास शेलमध्ये एसटीटीवाय हा आदेश उणे आयएक्सऑन या पर्यायासह द्यावा.

पुढे कधी कळेविषयी शंका आली तर इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबावी, म्हणजे प्रत्यक्षात काय पोहोचते ते दिसते. सेटिंग बदलण्याआधी हे पाहिले तर दिवसभराची धडपड वाचते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रशासकाचे अधिकार माझ्याकडे नसल्याने विमआरसीचा मार्ग घेतला. बाण आणि बॅकस्पेस दोन्ही सुधारले, आणि टर्मची ओळही काढली. आता एस्केप दाबल्यावर सुमारे एक सेकंद विलंब होतो, आणि चादरींची नावे मराठीत लिहून झाल्यावर एस्केप दाबले तरी जे, के हे खाली-वर जाण्याचे आदेश चालत नाहीत.

उत्तर 3 (सात रस्ता)

विलंबाचे कारण असे की आता संपादक एस्केपनंतर बाणाची उरलेली अक्षरे येतात का याची वाट पाहतो, आणि त्याची मूळ मुदत 1000 मिलिसेकंद आहे. विमआरसीत ही मुदत ठरवणारे टीटाइमआउटलेन 100 ठेवावे. ते फारच कमी केले तर संथ जोडणीवर बाणाची अक्षरे तुटक पोहोचतील आणि पहिली तक्रार परत येईल.

मराठीची अडचण मलाही रोज येत असे. इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू राहिल्यास जेच्या जागी र आणि केच्या जागी क सर्व्हरपर्यंत पोहोचतो, आणि नॉर्मल मोडला (आदेश घेण्याच्या अवस्थेला) त्या अक्षरांचा अर्थ माहीत नसतो. कीबोर्ड इंग्रजीवर आणूनच एस्केप दाबण्याची सवय मी लावून घेतली आहे, आणि त्यानंतर मला काही बदलावे लागले नाही.