नवी वेबसाइट करताना मजकूर आणि फोटो कसे जमवलेत?

नमस्कार मंडळी. वेबसाइट करायची ठरली की नाव, रंग आणि लोगो यांवर तासन्‌तास खल होतो. मग डेव्हलपर विचारतो, "मॅटर कधी देताय?" आणि घोडं तिथेच अडतं. मी इतरांच्या साइट बांधतो. सगळं तयार असून केवळ मजकुरावाचून पडून राहिलेल्या साइट नेहमी बघतो. तोवर जागा भरायला लॉरेम इप्सम असतं, म्हणजे रोमन लेखक सिसरोच्या इ.स.पू. 45 मधल्या ग्रंथातल्या लॅटिनची मोडतोड. त्यात सगळं देखणं दिसतं. खरा मराठी मजकूर आला की वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात, उकार खालच्या ओळीत घुसतात आणि बटणावरचे शब्द मावत नाहीत. म्हणून निदान एका पानाचा तरी खरा मजकूर मी आधी मागून घेतो.

तुमचं काय? कुणी लिहिलं, कुठून आणलं, कुठे अडलं? सविस्तर लिहा.

—

आमचा नृत्यवर्ग आहे. लिहायला बसलं की "दर्जेदार प्रशिक्षण, अनुभवी मार्गदर्शक" यापुढे काही सुचेना. मग फोनवर लोक जे विचारतात तेच टिपत गेले: वयाची अट आहे का, मधूनच प्रवेश मिळतो का, पहिल्या दिवशी काय आणायचं, आईवडिलांनी बसलेलं चालतं का. उत्तरंही बोलते तशीच लिहिली. पहिलं पान त्यातूनच झालं. 'आमच्याविषयी'मध्ये रोपट्याचा वटवृक्ष हवाच, असा सरांचा हट्ट होता. ठेवला, पण शेवटच्या परिच्छेदात. तिथवर सहसा कुणी पोचत नाही, हे सरांना सांगितलेलं नाही.

—

ज्यांच्याकडे जुन्या फायली आहेत त्यांच्यासाठी. आमच्या संस्थेचा सगळा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला होता (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). साइटवर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! कारण सोपं आहे: त्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, यू+0915. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण रफार, 'तऱ्हा'तला ऱ्ह, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनीच तपासावी लागतात. एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात पहिली वेलांटी निसटून भलत्याच अक्षरावर बसते, तेही बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

—

मी फोटो काढतो. "300 डीपीआयचा द्या" (म्हणजे इंचाला 300 ठिपके) ही मागणी साइटसाठी निरर्थक आहे, ती छपाईची भाषा झाली. पडद्यावर पिक्सेल मोजतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 असतो. पानभर रुंद लावायलाही बहुतेक वेळा 1600 ते 2000 रुंदी पुरते. मूळ प्रत मात्र जपून ठेवा, लहान करायची ती तिची नक्कल. चॅटवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेतच आकसतो, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. काही फोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतात, त्या फायली बऱ्याच ब्राउझरना उघडत नाहीत, त्या जेपीईजी किंवा वेबपी करून घ्या.

बॅनरसाठी मी माणूस मधोमध ठेवतो आणि दोन्हीकडे मोकळी जागा सोडतो, कारण मोबाइलवर कडा कापल्या जातात आणि पहिला बळी कडेला उभ्या असलेल्यांचा जातो. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते, ती काढून टाका. लहान मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. आणि कृपा करून रांगेत उभं करून काढलेले गटफोटो पुरे. काम करताना हात दिसू देत!

—

मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने साइट ऐकतो. वर फोटोंची एवढी चर्चा झाली, माझ्या वाट्याला त्यातलं बहुधा "आयएमजी अंडरस्कोर 2034" असं नुसतं फाइलचं नाव येतं. फोटोला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे फोटोऐवजी वाचून दाखवायची ओळ, आणि तो फोटो तिथे का आहे हे सांगणारा द्या. नुसतं "फोटो" लिहून काय कळणार? "शिक्षिका विद्यार्थिनीचा मनगटाचा कोन दुरुस्त करताना" एवढं पुरतं. शोभेच्या नक्षीसाठी मात्र तो रकाना मुद्दाम रिकामा ठेवा, म्हणजे माझं यंत्र पुढे सरकतं. सगळ्यात वैताग वेळापत्रकाच्या पोस्टरचा. वार, वेळ, फोन सगळं चित्रात, मला त्यातलं अक्षरही मिळत नाही. तेच पोस्टरखाली टाइप करायला किती वेळ लागतो?

—

धागाकर्त्याशी थोडी असहमत. रिकाम्या कागदावर मला लिहिताच येईना. डेव्हलपरने चौकटी आखून दिल्या, "इथे दोन ओळी, इथे एक फोटो", तेव्हा कुठे हात चालला. फोटो मुक्त परवान्याचेच घेतले, आणि प्रत्येकाचा स्रोत व परवाना एका तक्त्यात नोंदवला. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या मुक्त परवान्यांमध्येही काहींना व्यावसायिक वापर चालत नाही. "गुगलवर मिळाला" ही परवानगी नव्हे, हे आमच्या समितीला समजावण्यातच निम्मी शक्ती गेली.

एक भर: शुल्क आणि वेळा एकाच पानावर लिहा, बाकी पानांवरून तिथे दुवा द्या. बदल झाला की एकाच ठिकाणी हात घालावा लागतो. आमच्याकडे ते काम कुणाचं, यावर अजून बैठक व्हायची आहे.